आधी वर-खाली, मग डावं-उजवं: साध्या धनुष्याचं ट्यूनिंग

"काका, माझा बाण मासोळीसारखा शेपूट हलवत जातो," पुतणी म्हणाली. मी तिला बाणाबद्दल काहीच विचारलं नाही. दोरीवर बाण अडकवायची जागा, म्हणजे नॉकिंग पॉइंट, कितीवर बांधलाय, एवढंच विचारलं. तिला सांगता येईना. दुकानातून जसा आला होता तसाच होता. आमचं काम तिथून सुरू झालं. ते चार रविवार चाललं, आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

मी भोसरीतल्या एका टूल रूममध्ये ३१ वर्षं फिटर होतो. धनुष्य हातात घेतलं ते पन्नाशी ओलांडल्यावर. माझं धनुष्य साधं आहे: पुली नाही, साइट नाही, पुढे काठ्या लावलेल्या नाहीत. लाकडी मूठ, लॅमिनेट केलेल्या दोन पात्या, आणि बाण ठेवायला मुठीवर कोरलेली कातडी लावलेली शेल्फ. लांबी ६२ इंच, २८ इंच खेचल्यावर ताण ४० पाउंड. मुळशी रस्त्याला भूगावच्या पुढे मेव्हण्याची जागा आहे, तिथे दगडी कंपाउंडच्या आत आम्ही मारतो. टेकडीवर किंवा सोसायटीच्या आवारात मारत नाही, तुम्हीही मारू नका. ट्यूनिंग, म्हणजे बाण सरळ जावा म्हणून केलेली जुळवणी, करताना बिनपिसांचे बाण मारावे लागतात आणि ते कुठे जातील याचा नेम नसतो. मागे भिंत हवी, आणि भिंतीपलीकडे कोणाचा वावर नको.

पुण्यात मुंढवा रस्त्यावर आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. साताऱ्याचे प्रवीण जाधव तिथे सराव करायचे, २०२१ साली ते टोकियो ऑलिम्पिकला गेले. त्यांच्यासारख्या तिरंदाजांच्या ऑलिम्पिक रिकर्व्हला (रिकर्व्ह म्हणजे पात्यांची टोकं पुढे वळलेलं धनुष्य) बाणाच्या बाजूला स्प्रिंगचं बटन असतं. स्क्रू थोडा फिरवला की बाणाला बाजूने बसणारा दाब बदलतो. आपल्याकडे ते बटन नाही. दोरीचे पीळ, नॉकिंग पॉइंट, शेल्फवरच्या चामड्याची जाडी आणि बाण स्वतः, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून क्रम पाळावा लागतो. क्रम चुकला की एका दोषावर दुसऱ्या दोषाचं औषध दिलं जातं.

आधी दोरी

दोरी आणि मुठीचा सर्वांत खोल भाग यांमधलं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच धरा. नसेल तर ६० ते ६२ इंची रिकर्व्हला साडेसात इंचांपासून सुरुवात करा आणि सव्वाआठच्या वर जाऊ नका. लाँगबो, म्हणजे सरळ पात्यांचं धनुष्य, असेल तर साधारण सहा ते साडेसात. अंतर वाढवायचं तर दोरीचं एक टोक काढून, आधीच्या पिळाच्याच दिशेने चार-पाच पीळ द्यायचे. पुन्हा चढवायची, पाच-सहा बाण मारायचे, आवाज ऐकायचा. एका ठरावीक उंचीला धनुष्याचा आवाज एकदम बुजतो, हाताला बसणारा झटका कमी होतो. माझ्या धनुष्याला तो मुक्काम सात इंच सात सूत आहे.

सूत म्हणजे आपल्या सुतार-फिटरांचं सूत, इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडा कमी. धनुष्याच्या कामाला हे माप फार सोयीचं पडतं, म्हणून पुढेही तेच वापरतो.

नवी डॅक्रॉनची दोरी पहिल्या शंभरेक बाणांत ताणली जाते. ती बसल्याशिवाय ट्यूनिंगला हात लावू नका, नाहीतर सकाळचं माप संध्याकाळी खोटं पडतं. आणि रिकामी दोरी खेचून सोडायची नाही, कधीच नाही. बाणात जाणारी सगळी ताकद पात्यांत उलटी फिरते आणि पाती फुटते.

नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच, दोरीवर कसा बसतो हेही आत्ताच बघून घ्या. बाण दोरीला अडकवून टोक जमिनीकडे लोंबू द्या. तो स्वतःच्या वजनाने पडता कामा नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. पडत नसेल तर नॉक घट्ट आहे. आपोआप पडत असेल तर दोरीवरची गुंडाळी बारीक आहे. तिच्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मेणाच्या डेंटल फ्लॉसचा एक थर गुंडाळला की काम होतं. नॉक घट्ट असताना केलेल्या सगळ्या चाचण्या वाया जातात. पुतणीचा पहिला अख्खा रविवार त्यातच गेला.

नॉकिंग पॉइंट

बाण दोरीवर नेमका कुठे बसायचा ती जागा म्हणजे नॉकिंग पॉइंट. ती मोजायला बाजारात टी आकाराची पट्टी मिळते. मी ती ॲल्युमिनियमच्या पट्टीची घरीच केली, आणि गुण्या लावून काटकोन तपासला. पट्टीचा एक हात दोरीला लावायचा, दुसरा शेल्फवर टेकवायचा. तो दोरीला जिथे काटकोनात भेटतो तो शून्य. नॉकिंग पॉइंट त्या शून्याच्या वर असतो, म्हणजे बाणाची शेपटी टोकापेक्षा जराशी उंच राहते.

किती उंच, हे बोटांवर ठरतं. एक बोट नॉकच्या वर आणि दोन खाली असं धरत असाल तर चार सुतांवर बांधा. तिन्ही बोटं नॉकच्या खाली असतील तर पाच ते सहा सूत लागतात. तिन्ही बोटं खाली गेली की दोरीवरचा दाब खाली सरकतो, खालच्या पातीवर जास्त ताण येतो, आणि सुटताना बाणाची शेपटी खाली दाबली जाते. शंका असेल तर उंचावरूनच सुरुवात करा. हे इतकं जोर देऊन का सांगतोय ते पुढे येईल.

पितळी कडी पकडीने दाबून बसवतात, ती मला आवडत नाही. तिच्यामुळे दोरीवरचा धागा कापला जातो, आणि एकदा दाबली की सरकवणं कटकटीचं. मी फ्लॉस बांधतो. हातभर फ्लॉस घ्यायचा. दोरीच्या पुढच्या बाजूला साधी अर्धी गाठ मारायची, मग दोन्ही टोकं मागे नेऊन मागे एक गाठ, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. असे सहा-सात फेर एकावर एक बसू द्यायचे, शेवटी चौकोनी गाठ. टोकं एक मिलिमीटरवर कापायची आणि गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब. दोरीवर नाही, फक्त गाठीवर. काडी लावून टोकं वितळवण्याच्या फंदात पडू नका, दोरीवर मेण असतं.

या बांधणीचा फायदा पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मला फार आनंद झाला होता. दोरीवरची गुंडाळी ही मळसूत्रच असते, धाग्याचे वेटोळे आट्यांसारखे शेजारी शेजारी बसलेले. त्यामुळे घट्ट बांधलेली ही गाठ बोटांत धरून फिरवली की बोल्टवरच्या नटासारखी वर किंवा खाली सरकते. एका फेऱ्याला एक धागा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची ही ॲडजस्टमेंट घरच्या घरी, फुकट. नेलपॉलिश अर्थातच सगळं ठरल्यावर लावायचं.

तिन्ही बोटं खाली ठेवणाऱ्यांनी नॉकच्या खालीही अशी दुसरी गाठ बांधावी, नाहीतर नॉक खाली घसरतो. मात्र दोन गाठींमध्ये नॉक अगदी चेपून बसवू नका. खेचल्यावर दोरीचा कोन बदलतो आणि नॉक चिमटीत सापडतो. दोन व्हिजिटिंग कार्ड जातील एवढी फट ठेवा.

बिनपिसांचा बाण काय दाखवतो

पिसं बाणाच्या चुका झाकतात. त्यांचं कामच ते आहे. शेपटी कुठेही गेली तरी हवेत धरून तिला रांगेत आणायचं. म्हणून चूक बघायची असेल तर पिसं काढावी लागतात. एकाच जातीचे, एकाच लांबीचे पाच-सहा बाण घ्या. त्यातल्या दोन-तीन बाणांना पिसं नकोत. पिसांचं वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलून तेवढी चिकटपट्टी त्यांच्या शेपटीला गुंडाळा, म्हणजे वजनाचा फरक राहणार नाही.

आमचं लक्ष्य म्हणजे चिंध्यांचं पोतं. लक्ष्मी रोडच्या मागे शिंप्यांकडे कातरणाची पोती मिळतात. जाड गोणपाटात ते ठासून भरलं की दोन वर्षं टिकतं. मुळशीत भाताचा पेंढाही मिळतो आणि आवळून बांधलेला पेंढा बाणाला फार चांगला. पण ट्यूनिंगला पेंढ्यावर विसंबू नका. काड्यांचे थर बाणाला घुसताना फिरवतात, आणि मग बाण वाकडा आला की पेंढ्याने वाकडा केला, हे कळत नाही. म्हणूनच माझा नियम असा की बाण कसा रुतलाय यापेक्षा कुठे रुतलाय ते बघायचं.

दहा-बारा मीटरवर उभे राहा. पिसांचे तीन मारा, बिनपिसांचे दोन. पुन्हा तसेच. एका बाणावरून काहीही ठरवू नका, निदान चार फेऱ्या मारा आणि दोन्हींचे घोळके कुठे पडतात ते बघा. आधी फक्त वर-खाली. डाव्या-उजव्याकडे या वेळी लक्षच द्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या खाली पडत असतील तर नॉकिंग पॉइंट जास्त उंच आहे, गाठ खाली फिरवा. वर पडत असतील तर गाठ वर फिरवा. एका वेळी अर्धा सूत, शेवटी शेवटी एकेक फेरा. दोन्ही एका उंचीवर आले की वर-खालीचं काम संपलं. हे पंधरा-अठरा मीटरवर जाऊन पुन्हा तपासा.

आता तो माझ्या हातून गेलेला महिना. काही वर्षांपूर्वी मी बोटं बदलली, तिन्ही खाली घेतली. नॉकिंग पॉइंट मात्र जुन्या चार सुतांवरच राहिला. बाण शेपटी वर करून जायला लागला, पोत्यात तिरपा, शेपटी आभाळाकडे. ट्यूनिंगच्या तक्त्यात, म्हणजे कुठला दोष कशाने जातो त्या यादीत, सरळ लिहिलेलं असतं की शेपटी वर म्हणजे नॉकिंग पॉइंट वर, खाली घ्या. मी खाली घेतला. शेपटी आणखी वर. अजून खाली घेतला, तीन सुतांवर आलो. बाण आता सुटताना खडखडायला लागले, आणि खालच्या पिसाची मुळं झिजायला लागली. मे महिना, सकाळी साडेसहाला घरून निघायचं, दहाच्या आत परत. महिनाभर मी रोज चुकीच्या दिशेने जात होतो.

शेवटी टूल रूमची सवय कामी आली. दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठे टेकतात हे बघायचं असेल तर आम्ही एकावर ब्लू लावतो, दुसऱ्यावर टेकवतो, डाग कुठे उमटला ते बघतो. त्या प्रशियन ब्लूची जुनी ट्यूब घरात होती. खालच्या पिसाच्या मुळाला आणि शेपटीजवळ शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या काठीच्या, खालच्या अंगाला बोटाने पातळ थर दिला आणि एकच बाण मारला. शेल्फच्या चामड्यावर, अगदी मागच्या कडेला, करंगळीच्या नखाएवढा निळा डाग. डाग पुसट घासलेला नव्हता, ठोका बसावा तसा गच्च होता. म्हणजे बाणाची शेपटी शेल्फवर आपटत होती आणि तिथून उसळून वर जात होती. मला दिसत होती ती वर गेलेली शेपटी त्या उसळीची होती. नॉकिंग पॉइंट उंच नव्हताच, फार खाली होता.

गाठ सोडली, थेट सहा सुतांवर बांधली. पहिलाच बिनपिसांचा बाण कुजबुजल्यासारखा गेला आणि पिसांच्या बाणांशेजारी सरळ जाऊन बसला. नंतर दोन फेरे खाली घेतला, तिथे तो आजही आहे.

तेव्हा शेपटी वर दिसली तर खाली घेण्याआधी एकदा दोन सूत वर घेऊन बघा. दोष कमी झाला तर ती उसळी होती. वाढला तर नॉकिंग पॉइंट खरोखरच उंच आहे. उंचावरून सुरुवात करा म्हणालो ते याचसाठी, उंचावर उसळीचा घोळच होत नाही. ब्लू नसेल तर लिपस्टिकही तेच काम करते, पुतणीने तीच वापरली. आणखी एक: शेल्फच्या चामड्याखाली, मुठीच्या सर्वांत खोल जागेच्या बरोबर वर, आगपेटीची काडी आडवी चिकटवा. शेल्फ सपाट असली की बाण तिच्यावर लांबवर घासत जातो. काडीमुळे तो एका रेषेवरच टेकतो आणि लगेच सुटा होतो.

डावं-उजवं

वर-खाली झाल्यावरच इकडे या. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूला असतो. दोरी सुटली की ती मधल्या रेषेत धावते, पण बाणाच्या वाटेत मूठ उभी असते. बाण दोरीच्या धक्क्याने वाकतो, मुठीला वळसा घालतो, पुन्हा उलटा वाकतो, आणि असा लवत लवतच पुढे जातो. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे चित्रित केलं, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. बाण किती लवतो त्याला स्पाइन म्हणतात. गरजेपेक्षा कडक बाण वळसा घालत नाही, मुठीकडून बाहेर ढकलला जातो. गरजेपेक्षा नरम बाण जास्त लवतो आणि दुसऱ्या बाजूला जातो.

उजव्या हाताने दोरी खेचणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर बाण कडक, उजवीकडे गेला तर नरम. डावखुऱ्यांना हे बरोब्बर उलटं. हे शेवटचं वाक्य माझ्या पुतणीला कोणी सांगितलं नव्हतं.

ती डावखुरी आहे. तिचे बिनपिसांचे बाण वीतभर उजवीकडे पडत होते. तिने तक्ता वाचला, उजवीकडे म्हणजे नरम असं समजली, आणि बाण कडक वागावेत म्हणून १२५ ग्रेनची टोकं (एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम) काढून हलकी ८० ग्रेनची लावली. बाण हातभर उजवीकडे जायला लागले. तिचं धनुष्य मी सामानाच्या हुकवाल्या वजनकाट्याला लावून तिच्या खेचीएवढं खेचलं: १२ किलो, म्हणजे साडेसव्वीस पाउंड. आणि बाण ५०० स्पाइनचे कार्बन. एवढ्या हलक्या धनुष्याला ते लोखंडाच्या सळया होते. दुकानदाराने तिला कोणता हात, किती खेच, यातलं काहीच विचारलं नव्हतं.

कार्बनवरचा आकडा वाचायला सोपा आहे. २८ इंचांवर दोन आधार ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगल्यावर शाफ्ट इंचाचे जितके हजारावे भाग लवतो तो आकडा. ५०० म्हणजे अर्धा इंच. आकडा मोठा तितका बाण नरम. लाकडी आणि बांबूच्या बाणांची जुनी पद्धत वेगळी: आधार २६ इंचांवर, वजन २ पाउंड म्हणजे ९०७ ग्रॅम, आणि २६ला लवलेल्या इंचांनी भागायचं. मी मिलिमीटरमध्ये मोजतो. ६६० भागिले लवलेले मिलिमीटर, की पाउंड मिळतात. १३.२ मिलिमीटर लवला तर ५० पाउंडांचा शाफ्ट. दोन व्ही ब्लॉक (खाचेचे लोखंडी ठोकळे), वाळू भरलेली बाटली आणि जुना डायल गेज (काट्याने बारीक अंतर दाखवणारं माप), एवढ्यावर माझं यंत्र झालं. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

हे यंत्र केल्यावर मी बुरूड आळीतून बांबूच्या चाळीस सरळ बारीक काठ्या आणल्या. आपल्याकडे इंडियन राउंड या स्पर्धाप्रकाराला बांबूचंच धनुष्य असतं, मग बाणही बांबूचे का नकोत, या विचाराने. डोळ्यांना सगळ्या सारख्या. गेजवर सर्वांत कडक काठी ११ मिलिमीटर लवली, सर्वांत नरम १९. म्हणजे साठ पाउंडांपासून पस्तिसापर्यंत. चाळिसांतून अकराच काठ्या एकमेकींच्या जवळ बसल्या. त्या मी शेगडीच्या आचेवर फिरवून सरळ केल्या, बारीक टोकाकडे नॉक घेतला. प्रत्येक काठी गोल फिरवून मोजली तर तिचीही एक बाजू जास्त कडक निघते. ती बाजू मुठीकडे येईल अशी नॉकची खाच कापायची. ते अकरा बाण अजून माझ्याकडे आहेत.

बाण बदलण्याआधी काय करता येतं ते सांगतो. कडक बाणाला जड टोक लावलं की तो नरम वागतो: १२५च्या जागी १४५, मग १७५ ग्रेन. नरम बाणाला हलकं टोक, किंवा शाफ्ट आखूड करायचा. बारीक फरकासाठी शेल्फच्या बाजूचं, मुठीला लावलेलं चामडं कामाला येतं. बाण नरम वागत असेल तर तिथे एक थर वाढवा, कडक वागत असेल तर पातळ चामडं लावा. पण हे सगळं थोड्या फरकापुरतं. साडेसव्वीस पाउंडांच्या धनुष्याला ५०० स्पाइनचा बाण कुठल्याही टोकाने जुळत नाही.

आम्ही ८०० स्पाइनचे पूर्ण लांबीचे शाफ्ट घेतले, ३१ इंची, आणि मुद्दाम न कापता आणले. लांब शाफ्ट नरम वागतो, आणि कापून कडक करता येतो. उलटं करता येत नाही. पुतणीचे पहिले बिनपिसांचे बाण डावीकडे पडले. तिच्यासाठी डावीकडे म्हणजे नरम, हे आता तिनेच मला सांगितलं. पुढच्या टोकाकडून सहा मिलिमीटर कापले. अजून डावीकडे, पण कमी. पुन्हा सहा. तिसऱ्या कापानंतर पिसांचे आणि बिनपिसांचे बाण एकाच ताटाएवढ्या जागेत यायला लागले. तिथेच थांबलो. दोन्ही तंतोतंत एका भोकात आणायच्या नादी लागू नका. उजव्या हाताच्या माणसाने बिनपिसांचा बाण किंचित उजवीकडे ठेवला तर उत्तमच, कारण पुढे पिसांमुळे बाण थोडा कडक वागतो.

कार्बन कापताना हॅक्सॉ वापरू नका, कडा फाटतात. फिरती पातळ चकती लागते, बाण गोल फिरवत कापायचा, तोंडाला मास्क बांधायचा, आणि जमिनीवर ओलं फडकं. ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. कापलेलं तोंड गुण्यात आहे का बघा, नाहीतर टोक वाकडं बसतं. पूर्ण खेचल्यावर बाण मुठीच्या पुढे किमान एक इंच उरला पाहिजे, त्याहून आखूड करू नका. आणि कार्बनचा प्रत्येक बाण मारण्याआधी दोन्ही हातांत धरून हलका वाकवा, कानाशी धरा. किर्र आवाज आला किंवा नखाला चीर लागली तर तो बाण तिथल्या तिथे मोडून टाका. चिरलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याचे काटे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

एकूण वजनही एकदा बघा. धनुष्याच्या दर पाउंडाला बाणाचे नऊ-दहा ग्रेन असावेत, आठाच्या खाली नको. माझी खेच २७ इंच आहे, तिथे धनुष्य १७ किलो म्हणजे साडेसदतीस पाउंड भरतं, आणि माझे बाण ४०० ग्रेनचे, काट्यावर २६ ग्रॅमला जरा कमी.

वहीबद्दल थोडं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलली की लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बाण सरळ गेला, तर कशामुळे गेला हे कधीच कळत नाही. आणि हात थकल्यावर चाचणी थांबवा. चाळीस-पन्नास बाणांनंतर माझी खेच अर्धा इंच आखूड होते, बोटं दोरीवरून झटक्याने निघतात, आणि बिनपिसांचा बाण लगेच डावीकडे जातो, जसा काही शाफ्ट एकाएकी कडक झाला. त्या वेळी गाठीला हात लावणं म्हणजे सकाळचं काम मोडणं. पुतणीच्या वहीत तिने त्या पानांवर "हात गेला" असं लिहून खाली रेघ मारलीय, त्या रेघेखालचं आम्ही मोजत नाही.

पावसाळ्यात पुन्हा एकदा सगळं मोजून घ्या. जूनपासून पिसं ओली होऊन शाफ्टला चिकटतात आणि तो बाण जवळजवळ बिनपिसांचाच होतो. ट्यूनिंग नीट असेल तर तरीही पोत्यात जातो. बांबूचे बाण ओल धरतात, ऑगस्टमध्ये ते पुन्हा गेजवर घ्यावे लागतात. आणि एप्रिल-मेमध्ये धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. थरांमधला डिंक त्या उष्णतेने सुटतो, आणि बाणांची टोकं बसवायला वापरलेला हॉट मेल्ट, म्हणजे गरम करून लावायचा डिंक, तर नक्कीच सुटतो, टोक पोत्यात राहतं आणि बाण हातात येतो.

पुतणीने तिचे आकडे धनुष्याच्या वरच्या पातीच्या आतल्या बाजूला छोट्या चिकटपट्टीवर लिहून ठेवलेत. ब्रेस ७ इंच ६ सूत. नॉक ५ सूत आणि ३ फेरे. शाफ्ट ८००, ३०¼ इंच, टोक १२५. त्याखाली मोठ्या अक्षरात: डावखुरी.